हौसाने वाचलेला चंद्र

पेणजवळच्या गडब गावाच्या खालच्या अंगाला, भातशेती संपून खाडी लागते तिथं, काळुराम म्हात्रे मिठागरावर कामाला होता. त्याला दोन मुलं. थोरली हौसा आणि तिच्याहून चार वर्षांनी धाकटा केरू. आई सीताबाईही नवऱ्याच्या बरोबरीनं आगरावर राबायची, त्यामुळे केरूला सांभाळणं हौसाकडं आलं. ती त्याला कडेवर घेऊन बांधावर उभी राहायची. चैत्रातल्या दुपारी वाफ्यांत वीतभर पाणी असायचं आणि त्या वीतभर पाण्यात आख्खं आभाळ मावायचं. कडेनं मिठाच्या पांढऱ्या राशी, त्यांच्या खाली पाण्यात तेवढ्याच उलट्या राशी, आणि खाडीपलीकडचा डोंगर उन्हात विरघळून गेलेला. वारा पडला की बांधावरून जाणारी माणसं हवेत चालल्यासारखी दिसायची.

“बघ केरू,” हौसा म्हणायची, “आपून चंद्रावर हाव.”

केरूला ते खरंच वाटायचं. शाळेत गुरुजींनी पहिल्या दिवशी विचारलं, बाप कुठं कामाला जातो, तर त्यानं सरळ सांगितलं, “चंद्रावर.” सगळा वर्ग हसला. सगळे का हसतायत हे केरूला कळलं नाही.

केरू चौथीपर्यंत शिकला. हौसाला शाळेत घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती रोह्याला गेली. नवरा हिरामण ठाकूर भाताच्या गिरणीत होता, शांत माणूस, कपड्यांना कायम कोंड्याचा वास. घर कुंडलिका नदीच्या काठाला. बहीण गेल्यावर केरूचं मिठागरावर मन लागेना. तो पेणला गेला आणि दत्तात्रेय नावाच्या मूर्तिकाराच्या गणपतीच्या कारखान्यात लागला. सगळे या मालकाला दत्तूअण्णा म्हणत.

तिथं माती मळण्यापासून सुरुवात करून पाच-सहा वर्षांत केरू आखणीला बसला. मूर्तीचे डोळे रंगवायचे त्याला आखणी म्हणतात. हे काम एका श्वासात करावं लागतं. केरूचा हात इतका स्थिर होता की दत्तूअण्णा इतरांना त्याच्या मागं उभं करून बघायला लावायचे. पण हात जागेवर असला तरी माणूस जागेवर नसायचा. हाक मारली की तो लांबून कुठून तरी चालत आल्यासारखा वळून बघायचा.

गणपती गेले की कारखाना रिकामा व्हायचा. त्या दिवसांत केरू कोळशानं भिंतीवर चौकोन आखायचा आणि एका चौकोनातनं दुसऱ्यात जाणारी चित्रं काढायचा. एका वर्षी त्यानं हत्ती काढला. हत्ती नदीत उतरतो, पाणी पोटाला लागतं, पाठीला लागतं, आणि पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत त्याचा ढग झालेला असतो.

सत्तावन्न सालच्या आश्विनात एक बाई पुढच्या वर्षीची मूर्ती सांगायला कारखान्यात आल्या. त्यांचं नाव विमलबाई. माहेर पेणचं, राहायला गिरगावात. तिथं त्या ‘नवलाई’ नावाचं मुलांचं मासिक चालवायच्या. दत्तूअण्णा त्यांना नमुने दाखवत होते, पण बाई त्या भिंतीपाशीच उभ्या राहिल्या.

“हा हत्ती कुणी काढला?”

“मी,” केरू म्हणाला.

“आणि ढग झाल्यावर पुढं काय झालं?”

“भिंत संपली.”

विमलबाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक कागद काढला, त्यावर लिहिलेली गोष्ट त्याला वाचून दाखवली. एक राजपुत्र चंद्रावर जातो आणि तिथल्या राजकन्येला सोडवून आणतो. “दोन पानं, आठ चौकोन,” त्या म्हणाल्या. “दिवाळीनंतर घेऊन याल?”

केरूनं आठ चौकोन काढले. चंद्र कधी जवळून पाहिलेला नव्हता, पण विचार करावा लागला नाही. हात आपोआप वाफे काढत गेला, बांध काढत गेला, राशी काढत गेला. भाऊबीजेला रोह्याला जाताना तो ती पानं पुठ्ठ्यात घालून घेऊन गेला.

ओवाळून झाल्यावर हौसानं ती पानं मांडीवर घेतली. अक्षरओळख नसलेली बाई, पण चित्र कसं वाचायचं ते तिला कुणी शिकवावं लागलं नाही. एकेका चौकोनावर बोट ठेवत ती पुढं सरकली.

“हा बोडका कोन?”

“राजपुत्र हाय तो, बाय. डोक्यावर मुकुट हाय ना त्याच्या.”

“दिसला मुकुट. पन ह्यो नुसता उभा हाय. कामधंदा नाय त्याला.” तिचं बोट पाचव्या चौकोनाच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. तिथली जागा मोकळी वाटत होती म्हणून केरूनं एक लहानशी बाई काढली होती, कासोटा घातलेली, डोक्यावर टोपली. “हिला काम हाय. ही मीठ न्येतेय. पन चंद्रावर मीठ कोन खानार?” तिनं टोपलीवरनं बोट फिरवलं. “नाय, हे मीठ नाय. हा उजेड हाय. दिसभर वाफ्यात उजेड सुकत घालायचा आन् सांज झाली का टोपलीत भरून न्यायचा. टोपली हिंदळली ना, का मग आपल्याकडं चांदनं पडतं.”

केरू तिच्या तोंडाकडं बघत राहिला. हिरामण दारात बसून पान लावत होता, तोही थांबला.

“असं काढलंस का तू?” हौसानं विचारलं.

“व्हय,” केरू खोटं बोलला.

पेणला परत आल्यावर त्यानं ते आठही चौकोन बाजूला ठेवले आणि तीन दिवसांत नवे काढले. मग धरमतरला जाऊन लाँचमध्ये बसला आणि भाऊच्या धक्क्यावर उतरून विचारत विचारत गिरगावात पोचला. विमलबाईंनी पानं टेबलावर पसरली.

“राजपुत्र कुठं गेला?”

“त्याला काम नव्हतं.”

“आणि मजकूर? गोष्ट लिहायला तुम्ही जागाच सोडली नाहीत, म्हात्रे.”

“मजकूर नको, बाई. चित्रावरनं कळतं. माझ्या बहिणीला कळलं.”

विमलबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पहिल्यापासून पाहायला लागल्या. चौथ्या चौकोनाशी त्या थांबल्या. तिथं बाईची टोपली कलली होती, आणि खाली, फार खाली, एका एवढ्याशा गावातली कौलं पांढरी झाली होती. “बरं,” त्या म्हणाल्या. “नाव काय द्यायचं याला?”

केरूनं नाव ठेवलं ‘चंद्रागर’.

पुढची सहा वर्षं ते दर महिन्याला छापून आलं. शब्द एकही नाही, नुसती चित्रं. छापखान्यात काळी आणि निळी अशा दोनच शाया होत्या. केरूच्या पानांवर सगळ्यात जास्त असायचा तो कोरा कागद. तोच त्याचा चंद्र. आखणीच्या बारीक कुंचल्यानं तो रेघ ओढायचा, आणि ती जिथं संपायची तिथं ती संपली असं वाटायचं नाही, उजेडात गेली असं वाटायचं. अनुक्रमणिकेत सगळ्यात खाली बारीक अक्षरात छापलेलं असायचं, चित्रे : के. का. म्हात्रे. भुसावळची, मिरजेची, कुठली कुठली मुलं पत्रं पाठवायची. एका मुलीनं विचारलं होतं, ती बाई चपला का घालत नाही.

महिन्याचा क्रम ठरून गेला होता. केरू पेन्सिलीनं कच्ची पानं काढायचा, नागोठण्यावरून जाणाऱ्या एसटीनं रोह्याला जायचा आणि ती हौसापुढं ठेवायचा. ती वाचायची. त्यानं घोडा काढलेला असला तर ती त्याला कुत्रा म्हणायची आणि तो कुत्रा कुणाचा तेही सांगायची. त्यानं विहीर काढली की ती म्हणायची, ही विहीर नाय, हे भोक हाय, हितनं आपलं घर दिसतं. केरू मान हलवायचा, पेणला येऊन सगळं बदलायचा आणि शाईनं पक्कं करून लाँचला जायचा. गोष्ट आपली नव्हे, बहिणीची आहे, हे त्यानं विमलबाईंना कधी सांगितलं नाही. बहिणीलाही सांगितलं नाही. आपण चित्र नीट वाचतो, एवढंच हौसाला वाटत राहिलं.

एकदा चंद्रावरच्या बाईनं वाफ्यात लुगडं धुतलं, तर पाण्यात पडलेलं पृथ्वीचं प्रतिबिंब पदराला चिकटून आलं. ती तो पदर वाळत घालते आणि पृथ्वीवर सगळ्यांना वाटतं, आज वारा सुटलाय. दुसऱ्या एका महिन्यात समुद्र हरवलेला मासा तिच्या दारात येतो. ती त्याला टोपलीत घेऊन फिरते, दारोदार विचारते. चंद्रावर दुसरं दारच नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा स्वतःच्याच दारात येते आणि दर वेळी नव्यानं विचारते. हे सगळं रोह्याच्या पडवीत, तांदूळ निवडता निवडता, हौसाच्या तोंडून आलेलं होतं.

साठ सालच्या मार्गशीर्षात हौसाचं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं. केरू रोह्याला गेला तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून निजलेली होती. त्यानं पानं बाहेर काढलीच नाहीत. पेणला येऊन त्यानं त्या महिन्याचे आठ चौकोन काढले. वाफे, राशी, बांध, वाफे. बाई कुठंच नव्हती. विमलबाईंनी काही न विचारता ते छापले.

छापलेला अंक त्यानं हौसाच्या उशाशी ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं तो उघडला. सगळे चौकोन पाहिले.

“ती घरात हाय,” ती म्हणाली. “दार लावून बसलीय.”

“काय करू, बाय?”

“बसू दे तिला.”

पुढच्या महिन्यातही बाई आली नाही. तिसऱ्या महिन्यात हौसा उठून चुलीशी बसली होती. केरूला पाहून तिनं हात पुसले. “आता भायेर काढ तिला,” ती म्हणाली. “उजेड नासंल नायतर.”

त्रेसष्ट साली विमलबाईंच्या पाठीच्या कण्याचं दुखणं निघालं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. मासिक त्यांचा भाचा पाहू लागला. तो वाईट माणूस नव्हता, हुशार होता, कामसू होता. त्यानं केरूला समोर बसवलं, चहा मागवला.

“म्हात्रे, पालक विचारतात. मुलांनी यात वाचायचं काय? दुसरीकडं बघा, पात्रांच्या तोंडाशी फुगे असतात, फुग्यात बोलणं असतं. आपल्यालाही ते हवं.”

“शब्द घातले तर माझ्या बहिणीला वाचता येणार नाय.”

भाच्याला ही गंमत वाटली. तो हसला. पुढच्या अंकात त्यानं केरूच्या चित्रांवर, कोऱ्या ठेवलेल्या आभाळात, फुगे छापून टाकले.

तो अंक हौसानं हातात घेतला तेव्हा केरू तिच्या समोरच बसला होता. तिचं बोट पहिल्याच चौकोनावर अडलं.

“केरू, ह्या पांढऱ्या गोट्या कसल्या?”

तिनं पान डोळ्यांजवळ नेलं.

“धूर हाय का हा? हिच्या तोंडातनं धूर निघतोय. ही जळतेय का रं?” तिनं घाईघाईनं पान उलटलं, तिथंही तेच. “आरं, कुनी पानी घाला तिच्यावर. कोन नाय का तिथं?”

केरूनं अंक तिच्या हातातनं काढून घेतला आणि छपाई बिघडली असं सांगितलं. त्या रविवारी तो गिरगावात गेला, काढून ठेवलेली पुढच्या महिन्याची पानं परत मागून घेतली आणि लाँचनं धरमतरला आला. महिनाभरानं हौसानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मासिक बंद पडलं, बाय.”

मग सहा वर्षं केरू म्हात्रेनं चंद्र काढला नाही. चैत्रापासून श्रावणापर्यंत तो गणपतींचे डोळे आखायचा. उरलेल्या महिन्यांत पेण, कासू, जिते अशा गावांतल्या शाळांच्या भिंतींवर महाराष्ट्राचा नकाशा काढायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ‘येथे थुंकू नये’ लिहायचा. ज्यानं दोन शब्दांसाठी काम सोडलं त्याला आता दिवसभर शब्दच काढावे लागत. त्यानं लग्न केलं नाही. जेवायला बसला की ताटातल्या मिठाकडं उगीच बघत राहायचा, असं कारखान्यातले लोक सांगायचे.

एकोणसत्तरच्या संक्रांतीला तो रोह्याला गेला. हौसानं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला, समोर पाट ओढून बसली आणि ट्रंकेतनं एक अंक काढला. तो फुग्यांचा अंक होता. केरूनं परत नेलेला नव्हे. हिरामणला सांगून तिनं तेव्हाच स्टँडवरून दुसरा मागवला होता.

“आता आइक,” ती म्हणाली, आणि पहिल्या फुग्यावर बोट ठेवलं. “अ… हा… हा. कि… ती. सुं… दर. हा. चं… द्र.”

केरूच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला.

“कधी शिकलीस, बाय?”

“दोन वर्सं झाली. दुपारी बायकांचा वर्ग असतो देवळात. मी म्हनलं, त्या गोट्यांमधी काय हाय ते बघायचंच. ही बाई काय बोलली आसंल, मला झोप नाय यायची.” तिनं अंक मांडीवर आपटला. “आन् ही बोलली काय, तर अहाहा किती सुंदर हा चंद्र! ही काय पावनी हाय व्हय चंद्रावर? तिथलीच हाय ती. रोज राबतेय तिथं. ती असं बोलंल?”

हौसा हसायला लागली. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. केरूही हसला. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि तिचा आवाज बदलला.

“मासिक बंद पडलं म्हनलास. स्टँडवर टांगलेलं असतंय. मी वाचलंय, न-व-ला-ई.”

केरूनं मान खाली घातली. “त्यांना शब्द पायजे होते. तुला वाचता येत नव्हतं. म्हनून मीच सोडलं.”

“माज्यासाठी?”

“व्हय.”

“मला इचारलंस?” ती उठून उभी राहिली. “मला वाचता येत नाय म्हनून तू चंद्र मिटून ठेवलास. सहा वर्सं! मला सांगितलं असतंस तर मी पयल्याच वर्सी शिकले असते.”

“बाय, आनखी एक हाय,” केरू म्हणाला, आणि त्यानं सगळंच सांगून टाकलं. राजपुत्राचं, घोड्याचं, विहिरीचं. “मी काढायचो एक, तू वाचायचीस दुसरं. छापून आलं ते तुझं हाय. माझं काय नाय त्यात, नुसत्या रेघा.”

हौसानं अंक ट्रंकेत परत ठेवला. मग आत गेली आणि भांडी घासायला बसली. केरू निघाला तेव्हाही ती बाहेर आली नाही. पुढचे पाच-सहा महिने तो रोह्याला गेला नाही, तिचाही निरोप नव्हता.

श्रावणाच्या तोंडावर कारखान्यात आखणीची घाई होती. बाहेर पाऊस. आत ओळीनं पांढरे, बिनडोळ्यांचे गणपती मांडलेले, आणि त्यांच्या मधल्या बोळातनं केरू एकेकाला डोळे देत चालला होता. दाराशी छत्री मिटल्याचा आवाज झाला. हौसा आली होती. एकटी, रोह्याहून एसटीनं. तिनं चपला काढल्या, त्या पांढऱ्या रांगांकडं जरा वेळ बघत राहिली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं वर्तमानपत्र तिनं उलगडलं.

“हे वाच. नको, ऱ्हाऊ दे, मीच वाचते.” तिनं मोठ्या अक्षरांवर बोट फिरवलं. “चंद्रावर मा-न-वा-चे पाऊल.”

खाली छायाचित्र होतं. राखाडी जमीन, काळं आभाळ, आणि फुगलेल्या कपड्यांतला एक माणूस. केरूनं ते सकाळीच पाहिलं होतं. तिथं काहीच नव्हतं. ना वाफे ना राशी.

“बघितलं मी,” तो म्हणाला. “संपलं, बाय.”

“काय संपलं? ही आपली जागाच नाय. ते भलतीकडं उतरले.” हौसा छायाचित्र निरखत होती. “चंद्र काय एवढाच हाय? गडबला उतरलेल्या मानसाला रोहा दिसतो का? आपलं आगर हिकडं असनार, ह्या टेकाडाच्या पाठी. ती तिथनं बघतेय त्यांना.”

“कोन?”

“आपली बाई.”

केरूनं कुंचला पाण्यात बुडवून ठेवला. तिथंच पडलेल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं टेकाड काढलं, मागं रास काढली, राशीच्या आडून डोकावणारं डोकं काढलं. दत्तूअण्णा लांबून बघत होते. कामाची एवढी घाई असताना त्यांनी केरूला हाक मारली नाही.

“ती जवळ जाते त्यांच्या,” हौसा म्हणाली. “परक्या गावची मानसं, दमून आलेली. ती इचारते.”

“काय इचारते?”

“दे हिकडं. शब्द मी लिवनार.”

तिनं पेन्सिल मुठीत धरली आणि बाईच्या तोंडाशी, केरूनं आखलेल्या गोलात, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं : तुमी जेवलाव का.

केरूनं ते मोठ्यानं वाचलं.

“पन ते काय बोलनार,” हौसा पुढं सांगत होती. “त्यांच्या डोक्यावर भांडी हायेत. त्यांना आइकूच नाय गेलं. ते दगडं गोळा करून निघून गेले.”

गणपती गेल्यावर दोघं धरमतरच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसली. हौसा पहिल्यांदाच मुंबईला चालली होती. करंजा बंदर मागं पडेपर्यंत ती कठड्याला धरून उभी होती, आणि दिसेल त्या गलबतावरचं नाव मोठ्यानं वाचत होती. विमलबाई आता काठी टेकत पुन्हा कचेरीत बसायला लागल्या होत्या. भाचा दुसऱ्या उद्योगात गेला होता. केरूला पाहून त्यांनी बसल्या जागेवरून हात पुढं केले.

“ही माझी बहीण, हौसाबाई,” केरू म्हणाला. “बाई, चंद्रागरातल्या गोष्टी हिच्याच. पहिल्यापासनं. मी तुम्हाला सांगितलं नाय.”

विमलबाईंनी दोघांकडं पाहिलं. मग नवीन पानं वाचली. शेवटच्या चौकोनात फुगलेल्या कपड्यांची माणसं निघून गेलेली होती, आणि बाई त्यांच्या बुटांच्या ठशांत पाणी सोडून त्यांचे वाफे करत होती.

“शुद्धलेखन दुरुस्त करू का?” त्यांनी हौसालाच विचारलं.

“तिथं असंच बोलतात,” हौसा म्हणाली.

विमलबाईंनी ती पानं हौसाच्या अक्षरासकट दिवाळी अंकात छापली. या खेपेला नावं चित्राच्या वरच होती, मोठ्या टाइपात : गोष्ट आणि अक्षर, हौसाबाई ठाकूर, रोहा. चित्रे, केरू म्हात्रे, पेण. हिरामणनं गिरणीतल्या प्रत्येकाला तो अंक दाखवला, कोंड्याची बोटं लागून मुखपृष्ठ पिवळं पडलं.

त्यानंतर ‘चंद्रागर’ अडीच वर्षं चाललं. बहात्तर साली विमलबाई गेल्या आणि ‘नवलाई’ त्यांच्याबरोबर थांबलं. मूळ चित्रं छापखान्याच्या पोटमाळ्यावर होती, ती जागा रिकामी करताना रद्दीत गेली. केरूनं त्याची फारशी खंत केली नाही. तो पुन्हा आखणीला बसला आणि मोतीबिंदूनं रेघ दिसेनाशी होईपर्यंत बसला. मग रोह्याला बहिणीकडं जाऊन राहिला, आणि पडवीत बसून नदी बघत म्हातारा झाला.

पण दिवाळी अंक निघाल्यानंतरच्या महिन्यात काय झालं, ते सांगायचं राहिलं. पोस्टमन हौसाच्या दारात आला आणि त्यानं तिच्या नावाचं पत्र दिलं. आयुष्यातलं पहिलं. सांगलीच्या एका मुलीनं लिहिलं होतं : चंद्रावरच्या बाईला सुट्टी असते का?

हौसानं ते चार वेळा वाचलं. मग तिनं कार्ड मागवलं आणि उत्तर लिहायला घेतलं. दोन कार्डं खराब झाली. तिसरं तिनं तीन दुपारी बसून पुरं केलं. केरू तेव्हा रोह्यातच एका दुकानाची पाटी रंगवायला आला होता. तो वाकून बघायला लागला की ती हातानं झाकायची.

“वाचून दाखव की, बाय.”

“सुट्टी आसते,” तिनं वाचलं. “पावसात आगर बंद आसतं. तवा ती निजते. तू पन निजत जा.” मग तिनं कार्ड उलटं केलं. “पत्ता तेवढा तू लिव. माजं अक्षर मोठं हाय, सांगली बसत नाय त्यात.”

केरूनं पत्ता लिहिला. दोघं पोस्टात गेली. हौसानं कार्ड पेटीत टाकलं आणि आत पडल्याचा आवाज आला का ते कान लावून ऐकलं.

“किती दिसांनी पोचंल?”

“चार दिवस धर.”

“म्हंजे तिचं उत्तर यायला आठ,” हौसा म्हणाली आणि घराकडं चालू लागली.

उत्तर नवव्या दिवशी आलं.